मोड आलेल्या नाचणीचं पीठ: बाळाच्या खिमटीत प्रथिनं वाढवा

बाळ सहा महिन्यांचं झालं की घरोघरी वरणाचं पाणी आणि भाताची पेज सुरू होते. पोट भरतं, पण पाण्यानं. एवढ्याशा पोटात जे चार-सहा चमचे जातील ते घट्टच हवेत, आणि त्यासाठी डब्यातल्या महागड्या पावडरी लागत नाहीत.

पीठ: दोन वाट्या नाचणी वाळू जाईपर्यंत धुवून रात्रभर भिजवा. सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधा, अधूनमधून पाणी शिंपडा. उन्हाळ्यात दीडेक दिवसात मोड येतात, थंडीत अंमळ उशिरा. आंबट वास आला किंवा तार सुटली तर सरळ टाकून द्या. मोड आलेली नाचणी कडक वाळवून मंद आचेवर हलकीच भाजा, एक वाटी मूगडाळ खमंग भाजा आणि दोन्ही एकत्र दळा. नाचणी वाटून, गाळून सत्त्व काढण्याची पद्धत जुनी आहे. पण चोथ्याबरोबर कॅल्शियम आणि प्रथिनंही जातात, त्यामुळे पीठच बरं.

दाण्याचं कूट वेगळ्या बरणीत, आठवड्यापुरतंच करा. पिठात मिसळलं तर सगळंच खवट होतं. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. बुरशीचं विष भाजून जात नाही. अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नका, घशात अडकतो.

शिजवताना: दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळा. मोडांमुळे पिठातला स्टार्च तुटतो, म्हणून पीठ जास्त घालूनही खिमट गिळायला सोपी राहते. चमचा तिरपा केल्यावर ती हळूच घसरावी, ओघळू नये. उतरवून एक चमचा कूट (पहिल्यांदा चिमूटभरच) आणि अर्धा चमचा तूप किंवा तेल घाला. तेलात कंजुषी नको: उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जाळतं, वाढीला उरत नाहीत. वर्षाच्या आत मीठ, साखर, मध नको.

घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून द्या. एकात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या. तो 12.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर सेविकेशी लगेच बोला. 11.5 सेंमीच्याही खाली असेल, किंवा दोन्ही पावलांना सूज असेल, तर पिठावर विसंबू नका. बाळाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.