संघर्ष निराकरण शिकायला निघण्याआधी: इंदूरकरांसाठी तयारीची यादी

आधी शब्द पक्के करा. इंदुरात घरात मराठी आणि कोर्टात हिंदी, त्यामुळे इथे एक गंमत होते. हिंदीतलं समाधान म्हणजे तोडगा, मराठीतलं समाधान म्हणजे मन निवणं. तोडगा निघूनही माणूस धुमसत राहतो, आणि या विषयाचं खरं काम तिथेच असतं. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ देत नाही, तो पक्षकारांनाच ठरवू देतो. ही गल्लत मुलाखतीत लगेच उघडी पडते.

मग एकच वाद घ्या आणि त्याची वही करा. नर्मदेचाच घ्या, इंदूरच्या नळाला तेच पाणी येतं. १९६९ साली लवाद नेमला, १९७९ साली अंतिम निवाडा आला: २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. वहीत चार रकाने आखा: कोण, काय मागतो, का मागतो, कोण अडवू शकतो. तिसऱ्या रकान्यात बहुतेक जण पुन्हा मागणीच लिहून मोकळे होतात. ‘सरदार सरोवर धरणाची उंची वाढवू नका’ ही मागणी झाली. ‘शेत बुडालं तर कसायला जमीन हवी’ ही गरज. लवादापुढे पक्षकार होती ती राज्यं, बुडणारी गावं नव्हेत. निवाड्यानंतरही नर्मदा बचाओ आंदोलन का उभं राहिलं, ते या रकान्यातून कळतं.

कागदपत्रांत फार वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी आधी करा. अहिल्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढा. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळवा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं. ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला घ्या, केंद्रीय विद्यापीठांत राज्याचा नमुना चालत नाही. दिल्लीतल्या जामियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात या विषयाचं दोन वर्षांचं एम.ए. आहे, पण ती अल्पसंख्याक संस्था असल्यामुळे तिथे ओबीसींसाठी सरसकट राखीव जागा नाहीत.

नोकरीचं स्पष्टच बोलू. ‘संघर्ष निराकरक पाहिजे’ अशी जाहिरात येत नाही. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, तिथे भरणा वकिलांचा असतो आणि मानधन प्रकरणागणिक मिळतं. म्हणून सोबत एलएल.बी. असलेली बरी. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातली मुदत १२० दिवसांची, दोघांच्या संमतीने आणखी ६०. हे आकडे तोंडपाठ हवेत. पहिल्या महिन्यापासून पगार हवा असेल तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून पीथमपूरच्या कारखान्यांत कामगार संबंधांचं काम शोधा. कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकाची वाटही त्याच पदवीतून जाते.

फॉर्म भरण्याआधी एका राष्ट्रीय लोकअदालतीत दिवसभर बसा. मध्यस्थीच्या खोलीचं दार बंद असतं, इथलं उघडं. विमा आणि बँकांच्या टेबलांवर चालते ती बरीचशी रकमेची घासाघीस, तिला मध्यस्थी समजू नका. प्रत्येक टेबलावर कोण किती मिनिटं बोललं एवढंच टिपा. पक्षकारांची नावं लिहू नका.