परदेशी सेवेला गट पाठवायचाय? तिकिटं शेवटी काढा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परदेशी ख्रिस्ती सेवेला जाणाऱ्यांची तयारी करून घेण्याचं काम माझ्याकडे आहे. नर्सची नोकरी संपली, तेव्हापासून हेच करते. भायखळा, परळ, ठाणे, कुठून कुठून फोन येतात. "ताई, सलाम. आमची सात-आठ मुलं केनियाला जायचं म्हणताहेत, तिकिटं कधी काढू?"

आधी तिथल्या मंडळीचं पत्र मागवा. कोण बोलावतंय, कुठल्या गावी, कशासाठी, किती जणांना, किती काळ, राहायचं कुठे आणि तिथे ऐकायचं कुणाचं, हे सगळं त्यात असलं पाहिजे. "या, देवाचं काम आहे" एवढंच लिहिलं असेल तर पुन्हा लिहून विचारा. केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत, त्यांचे पाळक, म्हणजे पास्टर, आहेत, मोठमोठ्या मंडळ्या आहेत. उत्तरेच्या कोरड्या मुलुखात नवं काम सुरू करताना त्यांना नर्स हवी असेल, शिक्षक हवा असेल किंवा हिशेब ठेवणारा हवा असेल. उपदेशकच हवा असेल असं नाही. जसा माणूस मागितलाय तसाच पाठवा.

गट ठरला की पहिल्या बैठकीत मी त्यांना 1812 सालची हकिगत सांगते. अमेरिकेहून आठ मिशनरी निघाले, पाच तरुण आणि तिघांच्या बायका. दोन जहाजं होती. जडसन आणि न्यूएल जोडपी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम बंदरातून निघाली, हॉल, राइस आणि नॉट पतिपत्नी फिलाडेल्फियाहून. पहिलं जहाज जूनमध्ये कलकत्त्याला लागलं, दुसरं ऑगस्टमध्ये. कंपनी सरकारनं त्यांना राहूच दिलं नाही. हॉल आणि नॉट तिथून निसटून 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत पोहोचले. इथूनही घालवून देण्याचा हुकूम झालाच होता, मोठ्या खटपटीनंतर राहायला मिळालं. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते तिथून.

आता त्या आठांचं काय झालं ते बघा. जडसन वाटेत जहाजावर अभ्यास करता करता बालबाप्तिस्म्याबद्दल, म्हणजे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देण्याबद्दल, वेगळ्या मताला आले आणि कलकत्त्याला त्यांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ राइसनीही घेतला. म्हणजे बालबाप्तिस्मा मानणाऱ्या ज्या संस्थेनं पाठवलं तिच्यापासून दोघं पोहोचता पोहोचताच वेगळे झाले. हॅरिएट न्यूएलचं बाळ समुद्रावरच गेलं आणि नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. एकोणीस वर्षांची होती. नॉट आजारपणामुळे 1815 मध्ये परतले. सॅम्युएल न्यूएल मागाहून मुंबईत आले आणि 1821 मध्ये पटकीनं (कॉलऱ्यानं) गेले. गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीनंच गेले. त्याच वर्षी बायबलचा मराठी नवा करार छापून झाला.

मुलांना घाबरवायला मी हे सांगत नाही. आपण मराठी ख्रिस्ती लोक म्हणजे ज्यांच्या दारी ही माणसं आली ते लोक. त्यांनी इथे बसून आपली भाषा शिकण्यात वर्षं घातली, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. आज आपण निघतोय, तर पाहुणा कसा असावा हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन, अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी शब्दांत) प्रार्थना, यांवर गटात मतभेद असतील तर ते मुंबईतच बोलून घ्या. पाळकसाहेबांना बसवा, काय ठरलं ते कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

मग सराव. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच, आणि याला पैसे लागत नाहीत. तीन महिने रविवारी गटानं धारावीतल्या एखाद्या तमिळ मंडळीत उपासनेला जायचं. शेवटच्या बाकावर बसायचं. भाषण नाही, साक्ष (आपला विश्वासाचा अनुभव सांगणं) नाही, गिटार नाही. आधी तिथल्या पाळकांची परवानगी घ्यायची, आणि उपासनेनंतर ते सांगतील ते काम करायचं, खुर्च्या रचणं, चहाचे पेले विसळणं. आमच्या गटातला एक मुलगा तरुण संघाचा पुढारी, आवाज खणखणीत, रविवारी माइक त्याच्याच हातात. पहिल्या रविवारी तो दीड तास नुसता घड्याळ बघत होता. पुढे पुढे शेजारच्या आजोबांनी त्याला गीतांच्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून अक्षरं दाखवायला सुरुवात केली. शेवटी शेवटी तो त्यांची पिशवी घेऊन त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जायचा. गटाचा पुढारी मी त्यालाच केलं.

दुसरा सराव एकत्र राहण्याचा. निदान महिनाभर सगळ्यांनी एका छोट्या घरात राहावं, सकाळी तिथूनच कामाला जावं. वन रूम किचन, एक मोरी, ठरलेले पैसे. कोण किती बादल्या पाणी वापरतं, कोण रात्री बारापर्यंत फोनवर बोलतं, कोणाला वरणात गूळ लागतो, याच गोष्टींवरून माणसं तुटतात. भांडण झालं तर होऊ द्या, फक्त त्याच दिवशी मिटवायला लावा. ज्याला मिटवताच येत नाही त्याला पाठवू नका, मग तो कितीही भक्तिमान असो. बायबलातले पौल आणि बर्णबासुद्धा मार्क या सोबत्यावरून वेगळे झाले होते, पण त्यांना वेगळं व्हायला दोन वाटा होत्या. तुमची मुलं एका खोलीत असतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरेल असं बघा. केनियासाठी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा परवाना) काढावा लागतो, पण तो भेटीपुरता. राहून सेवा करायची तर धार्मिक कामाचं वेगळं परमिट लागतं आणि त्यासाठी अर्ज तिथली नोंदणीकृत संस्था करते. 'टुरिस्ट म्हणून जाऊ, मग बघू' असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. बोलावणाऱ्या मंडळीला त्याचा त्रास होतो. पोलीस क्लिअरन्स वेळेत काढा. नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

तब्येतीबाबत मी कडक आहे. पिवळ्या तापाची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतताना इथे सहा दिवस अलग ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांकडूनच घ्या. डॉक्सीसायक्लिन दिली तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि मुलं नेमकं तेच विसरतात. मी प्रत्येकाच्या आईला सांगून ठेवते.

सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत. केनियात 2017 पासून बंदी आहे. मेतकूट, चटण्या, भाजणी कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा.

पैशाचं काम कोषाध्यक्षांवर सोडून मोकळे होऊ नका. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च केला तर त्यावरची प्राप्तिकराची सूट जाऊ शकते, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही बाहेर पाठवू नका. परतीच्या तिकिटाइतकी रक्कम प्रत्येकाच्या नावानं बाजूला असू द्या. आजारी पडून किंवा मन लागत नाही म्हणून परत येणाऱ्याला मंडळीत कुणी बोल लावायचा नाही, हे पाळकसाहेबांनी आधीच उपासनेत सांगावं.

निरोपाची प्रार्थना आदल्या संध्याकाळी मंडळीतच उरका. सहारला टर्मिनलमध्ये तिकीट असलेल्यांनाच सोडतात, बाहेर साठ-सत्तर जणांनी गीतं गात उभं राहिलं की मुलांचं लक्ष सामानावर राहत नाही. प्रत्येकाचे आईवडील आणि मंडळीच्या कमिटीतला एक पंच, एवढेच जा. गट आहे, म्हणून चार तास आधी पोहोचा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, लशीचे पिवळे दाखले हातातल्या बॅगेत, आणि बोलावणाऱ्या पाळकांचा फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला.