हात आखडलेला, ताट भरलेलं: कमी पैशांत चांगलं कसं खावं

पैसे कमी पडायला लागले की पहिली कात्री स्वयंपाकघराला लागते. भाडं ठरलेलं, हप्ते ठरलेले, मुलांची फी ठरलेली. हलवता येण्यासारखं उरतं ते जेवण. मग निर्धार होतो. बाहेरचं बंद, फळं बंद, गोड बंद. आठ-दहा दिवस तो निभतो. अकराव्या दिवशी दमून घरी आलेला माणूस भांड्यावरचं झाकण उचलतो, तेच ते बघतो आणि फोन काढून बाहेरून मागवतो. दहा दिवसांची बचत एका संध्याकाळी जाते, वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

लोक याला जिभेचे चोचले म्हणतात. मला तो आखणीतला दोष वाटतो. कंटाळ्याची आणि थकव्याची सोय न करता केलेली काटकसर टिकत नाही, म्हणून खाली सांगितलेल्या पायऱ्यांमध्ये आकडेमोडीइतकीच जागा चवीला आहे.

आधी दोन आठवडे नुसतं लिहा

या काळात काहीही कमी करू नका. एक साधी वही घ्या आणि रोज तीन गोष्टी टिपा: खाण्यापिण्यावर काय खर्च झाला, तो कुठल्या वेळी झाला आणि काय टाकून दिलं. पहिली नोंद बहुतेक जण करतात. खरा उलगडा होतो तो उरलेल्या दोन नोंदींनी. खर्चाची वेळ लिहिली की दिसतं, पैसे भुकेपोटी कमी आणि घाईपोटी जास्त जातात. सकाळी डबा झाला नाही म्हणून, संध्याकाळी घरी काहीच तयार नव्हतं म्हणून.

टाकलेल्या अन्नाची नोंद थोडी लाजवते, पण ती ठेवाच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. माणशी हिशेब केला तर घराघरांतून वर्षाला सुमारे ७९ किलो. तुमच्या घरात इतकं नसेलही, पण सुकलेली कोथिंबीर, तळाशी मऊ पडलेले टोमॅटो, बुरशी आलेला अर्धा पाव हे सगळं पैसे मोजूनच आणलेलं होतं.

मजेचे पैसे आधी बाजूला काढा

महिन्याच्या शेवटी उरलं तर मजा करू, असं ठरवलं की ते कधीच उरत नाही. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच, किराण्याच्याही आधी, एक छोटी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा. किती, ते घर ठरवेल. नियम दोनच. तिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही आणि ती संपली की संपली. मुलांचाही त्यात वाटा असावा. आइस्क्रीम खायचं की पैसे साठवून काही मोठं घ्यायचं, हे ठरवताना ती जे शिकतात ते आपल्या भाषणांतून शिकत नाहीत.

हे उधळेपण वाटेल. पण वर सांगितलेली अकराव्या दिवसाची ऑर्डर या पाकिटापेक्षा नेहमीच महाग पडते.

दुकानाची यादी फडताळापासून सुरू करा

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो: काय खावंसं वाटतंय ते ठरवायचं, आणायला जायचं, आणि घरात आधीच होतं ते मागे ढकललं जायचं. क्रम बदला. आठवड्यातून एकदा फ्रीज, डबे आणि फडताळ उघडून बघा. लवकर संपवायला हवं ते एका कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावा. त्या वस्तूंवरून चार-पाच दिवसांचे पदार्थ ठरवा. ते करायला जे कमी पडतंय तेवढीच दुकानाची यादी. सात दिवसांचं पक्कं वेळापत्रक करू नका, ते कुणी पाळत नाही. चार ठरलेली जेवणं, एक उरलंसुरलं संपवण्याचं आणि बाकीचे दिवस मोकळे, एवढं पुरतं.

ताटाचा पाया: धान्य, कडधान्य, भाजी

स्वस्त खाणं म्हणजे पोटात नुसता भात किंवा पाव ढकलणं, अशी एक समजूत आहे. पोट त्याने भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते. धान्याच्या जोडीला कडधान्य किंवा डाळ आली की चित्र बदलतं. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. कडधान्यांत ते भरपूर असतं, पण मेथिओनिन कमी. ते धान्य भरून काढतं. दोन्ही एकाच घासात खायला हवीत असं नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी चालतं.

सुक्या कडधान्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. शिजवल्यावर ते पाणी पिऊन फुगतं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ७ ते ९ ग्रॅमच उरतात. डब्याबंद शिजवलेली कडधान्यं आणि सुकी कडधान्यं यांची तुलना करताना हे लक्षात ठेवा. डब्यात तुम्ही बऱ्याच अंशी पाण्याचे पैसे देत असता. अंडी परवडत आणि चालत असतील तर उत्तमच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते पाच मिनिटांत शिजतं.

राजमा मात्र कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये. त्यातल्या एका नैसर्गिक विषारी घटकाने उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. मंद आचेवर तासन् तास ठेवून हे काम होत नाही.

भाज्या आणि फळं मिळून मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम खावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बटाटा धरलेला नाही. हंगामात जे मुबलक येतं ते स्वस्त असतं आणि चवीलाही बरं लागतं. कोबी, गाजर, भोपळा टिकतात, म्हणून ते आठवड्याच्या शेवटासाठी ठेवा. पालेभाज्या आणल्या की पहिल्या दोन दिवसांत संपवा. गोठवलेला मटार वगैरे कमी प्रतीचा समजून टाळू नका. त्यातलं पोषण बहुतांशी टिकून असतं आणि हवा तेवढाच काढता येतो.

याच ताटात लिंबू, पेरू किंवा टोमॅटो असं काही ‘क’ जीवनसत्त्वाचं असेल तर डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीराला जास्त मिळतं. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर ते कमी होतं. तासाभराने प्यावी. या सल्ल्याला काहीच खर्च नाही, तरी तो पाळणं सर्वांत अवघड जातं.

दुकानात

जेवून जा. यादी घेऊन जा. किमतीकडे बघण्याआधी वजन बघा आणि किलोमागे किंवा लिटरमागे दर काढा. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो असं नाही. आणि दर खरोखर कमी असला, तरी तो पुडा खराब होण्याआधी संपणार आहे का, हा प्रश्न उरतोच. तांदूळ, डाळी, मीठ मोठ्या प्रमाणात घ्यावं. तेल, पीठ आणि मसाले जुने झाले की खवट होतात किंवा वास उडून जातो, म्हणून ते बेताने.

एका गोष्टीपासून जपा. कुठल्यातरी वस्तूवरची क्षुल्लक सूट मिळवायला तीन दुकानं हिंडणारे लोक मी पाहिले आहेत (मीही त्यातच होतो). दात कोरून पोट भरत नाही. वहीत ज्या दोन-तीन गोष्टींवर सर्वांत जास्त खर्च दिसतो, त्यांच्यावरच डोकं लावा.

एक भांडं, तीन चवी

कंटाळा येतो तो पदार्थ स्वस्त असल्यामुळे नव्हे. त्याची चव, पोत आणि रंग रोज सारखाच असतो म्हणून येतो. यावर उपाय महाग नाहीत.

पहिला उपाय खरपूसपणा. कांदा घाईत पांढराच ठेवू नका. मध्यम आचेवर तपकिरी होईपर्यंत परता, वेळ लागू द्या. अन्न कोरड्या उष्णतेवर तपकिरी होताना त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन शेकडो नवे स्वाद तयार करतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया वर्णन केली, आणि तिचं नाव त्याच्यावरूनच पडलं. उकडलेला बटाटा आणि तव्यावर कड लाल केलेला बटाटा यांतला फरक तो हाच. दुसरा उपाय आंबटपणा. जेवण मिळमिळीत लागलं की हात मिठाकडे जातो, पण बरेचदा कमी पडलेलं असतं ते लिंबू. गॅस बंद केल्यावर पिळा. तिसरा उपाय कुरकुरीतपणा: मऊ जेवणावर कच्चा कांदा, काकडी, भाजलेले शेंगदाणे, भाजलेल्या बिया. मूठभर पुरतं.

आता हे एकत्र आणा. सुट्टीच्या दिवशी मोठं पातेलं भरून कडधान्य शिजवा, फक्त मीठ घालून, बिनमसाल्याचं. पहिल्या दिवशी कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात. दुसऱ्या दिवशी पाणी निथळून, कच्च्या भाज्या आणि लिंबू घालून थंड. तिसऱ्या दिवशी ठेचून, बटाट्याबरोबर मळून, तव्यावर लाल केलेल्या टिक्क्या. घरातल्यांना सांगितलं नाही तर तिन्ही एकाच पातेल्यातलं आहे हे कळतही नाही. तेच कडधान्य आधीच मसाला घालून शिजवलं असतं, तर तिन्ही दिवस त्याच चवीत अडकलो असतो.

इंधनाचंही इथेच सांगून टाकतो: भिजवलेलं कडधान्य लवकर शिजतं, आणि प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळत असल्याने वेळ आणखी घटतो. एकदा पेटवलेल्या गॅसवर दोन वेळचं शिजवून घ्या.

दमलेल्या संध्याकाळची सोय

सगळी आखणी खरी पणाला लागते ती आठवड्यातल्या त्या एका संध्याकाळी. त्या वेळी मन खंबीर ठेवण्याच्या भरवशावर राहू नका. वीस मिनिटांत होणारा एक पदार्थ ठरवून त्याचं सामान कायम घरात ठेवा, आणि ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. शिवाय काहीही चांगलं जमलं की दोन माणसांचं जास्त करून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाका. तुमच्याच हातचं, गरम केलं की तयार. तेही जमलं नाही तर पाकीट आहेच, आणि त्यातून बाहेरचं मागवलं तर मजेत खा.

उरलेलं कसं ठेवावं

शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नये. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. उथळ डब्यांत वाटून ठेवा. फ्रीज ५ अंशांच्या खाली असावा. पुन्हा गरम करताना नुसतं कोमट करू नका, आतपर्यंत ७० अंशांच्या वर, म्हणजे वाफा येईपर्यंत तापवा. भाताच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात तयार झालेलं विष गरम करूनही जात नाही. वाया जाऊ नये म्हणून संशयास्पद शिळं खाणं ही बचत नव्हे. डॉक्टरांची फी त्याच घरातून जाते.

केळी, सफरचंदं आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पाडतात, म्हणून त्यांना लांब ठेवा. बटाटे अंधारात ठेवा. हिरवे पडलेले खाऊ नयेत.

ताटापलीकडे

घरी माणसं बोलावणं हात आखडल्यावर सर्वांत आधी बंद होतं, आणि त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवते. ते चालू ठेवा, रूप बदला. एक मोठं पातेलं तुमचं, बाकी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. सुरुवातीला संकोच वाटतो, पण लोक सुटकेचा श्वास सोडतात, कारण त्यांचाही हात बऱ्याचदा आखडलेलाच असतो. बाहेर जेवायचंच असेल तर घरी जे जमत नाही तेच खायला जा. नाहीतर घरून जेवून निघा, हिंडा, आणि बाहेर फक्त गोड खा. जेवताना टीव्ही बंद, फोन लांब, एवढ्यानेही साधं जेवण बरंच सुधारतं.

खरंच पुरत नसेल तेव्हा

कधीकधी कितीही आखलं तरी पैसे पुरत नाहीत. अशा घरात कुणीतरी एक जण गुपचूप पोटाला चिमटा काढत असतो, बहुतेक वेळा स्वयंपाक करणारीच व्यक्ती. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते ती खाते, आणि विचारलं तर भूक नव्हती म्हणून सांगते. म्हणून सगळी ताटं एकाच वेळी वाढा, वाढणाऱ्याचंही. मुलांना परिस्थिती त्यांच्या वयाला झेपेल तेवढी सांगा. न सांगता लपवलेली तंगी त्यांना जास्त भिववते. सरकारी धान्य, शाळेतलं जेवण, एखाद्या संस्थेचा शिधा, जे मिळण्यासारखं असेल त्याची चौकशी डबे रिकामे होण्याआधी करा. अर्जाला दिवस लागतात.