ड्रायव्हरमध्ये मेमरी मागताना आधी काय बघायचं

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरवर काम सुरू केलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘केमॅलॉकने (कर्नलच्या आत मेमरी मागायच्या फंक्शनने) किती मेमरी मिळते?’ हाच असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला असा: ज्या ओळीवर मेमरी मागताय, तिथे तुमच्या कोडला झोपायची, म्हणजे काम थांबवून वाट बघायची, मुभा आहे का?

जीएफपी_कर्नल हा फ्लॅग दिला आणि मेमरी कमी असेल, तर कर्नल तुम्हाला थांबवून ठेवतो, जुनी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोकळी करतो आणि मग तुकडा देतो. प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हरची तयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये, हे बिनधास्त चालतं. इंटरप्ट हँडलरमध्ये (डिव्हाइसने हाक मारली की लगेच चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा स्पिनलॉक (दुसऱ्याला न झोपता जागीच थांबवणारं कुलूप) धरलेला असताना अजिबात नाही. तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक. तो झोपत नाही, राखीव साठ्यालाही हात घालतो, पण नकारही लवकर देतो.

नवीन माणूस मग जिथे तिथे अ‍ॅटॉमिक लावत सुटतो. कोडचा आढावा घेताना मला हे सतत दिसतं. लिस्टमध्ये नोड जोडायचाय, त्यासाठी स्पिनलॉक घेतला, आता आत मेमरी हवी, म्हणून अ‍ॅटॉमिक! अहो, नोड लॉकच्या आधीच घ्या ना, जीएफपी_कर्नलने. लॉकच्या आत नुसता जोडा. जोडायची गरज नाही असं लॉक घेतल्यावर कळलं, तर बाहेर येऊन केफ्री करा, म्हणजे ती मेमरी परत द्या.

डिस्कचा ड्रायव्हर असेल तर आणखी एक मेख आहे. मेमरी मोकळी करायला कर्नल पानं डिस्कवर लिहायला काढतो, म्हणजे काम परत तुमच्याच दारात. तुम्ही त्याची वाट बघताय, तो तुमची. म्हणून आयओच्या (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या) वाटेवर जीएफपी_नोआयओ, म्हणजे मेमरी मोकळी करताना नवं आयओ सुरू करू नको.

आकाराचं थोडक्यात. एक्स८६-६४ वर 100 बाइट मागितले तर सहसा 128 चा तुकडा मिळतो, 5,000 मागितले तर 8,192 चा. केमॅलॉकची मेमरी भौतिक पत्त्यांत सलग असते, व्हीमॅलॉक या दुसऱ्या फंक्शनची तशी असेलच असं नाही. डिव्हाइसला द्यायचा बफर व्हीमॅलॉकचा नको, स्टॅकवरचा तर नकोच. डिव्हाइस आणि सीपीयू दोघांनी कायम वापरायचा असेल तर डीएमए_अलॉक_कोहेरंट.

डेव्हएम_केझॅलॉक सगळ्यांना आवडतो, मलाही. शून्य भरलेली मेमरी देतो, ड्रायव्हर सुटला की आपोआप सोडतो. पण यूएसबी डिव्हाइस उपटलं आणि कुणाच्या तरी प्रोग्रॅमने त्याची फाइल अजून उघडी ठेवली असेल, तर मेमरी गेलेली आणि पॉइंटर तसाच. अशा ठिकाणी साधा केझॅलॉक घ्या आणि संदर्भ (किती जण ती वापरताहेत ते) मोजून शेवटच्या क्लोजला सोडा.

सरावासाठी कर्नल बांधताना डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, केसॅन आणि केमेमलीक चालू ठेवा: पहिला चुकीच्या जागी झोपणं पकडतो, दुसरा मेमरीचा चुकीचा वापर, तिसरा सोडायची राहिलेली मेमरी. सिस्टिम मंदावते, मंदावू दे. शिवाय फेलस्लॅब नावाची सोय आहे, ती मुद्दाम अधूनमधून मेमरी नाकारते. ती लावून मोड्यूल चढवा-उतरवा. प्रोबमधल्या ज्या एरर-लेबलांवर (काही फसलं तर आवराआवर करणाऱ्या ओळींवर) एरवी कुणी कधी फिरकत नाही, ती सगळी एका बैठकीत तपासून होतात.