दहावीचा गुणगौरव: गुणपत्रिकेच्या दिवशीच उरका

कोकणातल्या गावच्या शाळेत दहावीचा गुणगौरव समारंभ फसतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर मुलं गावात नसतात, किंवा असतात आणि त्यांची नावं चुकीची वाचली जातात. हार, बॅनर आणि पाहुणे नंतर बघता येतात, आधी या दोन गोष्टी मार्गी लावा.

राज्य परीक्षा मंडळाचा ऑनलाइन निकाल आता मे महिन्यात लागतो. २०२४ मध्ये तो २७ मेला लागला, २०२५ मध्ये १३ मेला. मूळ गुणपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी शाळेत येतात. समारंभ त्या वाटपाच्या दिवशीच ठेवा. गुणपत्रिका न्यायला मूल येतंच, सोबत आई नाहीतर बाबा असतात, चाकरमानीही पुष्कळसे अजून गावात असतात. ‘जुलैत निवांत करू’ म्हटलंत की अर्धी मुलं अकरावीसाठी रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर मुंबईला मामाकडे गेलेली असतात आणि उरलेली घरच्या भातलावणीत. सुरुवात आणि शेवट दोन्ही एसटीच्या वेळेवर ठरवा. दुपारची गाडी सुटण्याआधी पाऊण तास कार्यक्रम आटोपला नाही, तर लांबच्या वाडीतली माणसं भाषण चालू असतानाच उठतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

यादी करायला मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि एक पालक असे तिघे बसा. नावं शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून नको. सावंतचं सामंत झालं किंवा गांवकरचा अनुस्वार गळला की ते प्रमाणपत्र भिंतीवर लागत नाही, कपाटात जातं. छापण्याआधी प्रत्येक घरी आपल्या मुलाच्या नावाचा तपासनमुना दाखवून सही घ्या. डीटीपीवाल्याकडे मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात. ‘ऱ्या’, ‘श्र’, ‘ज्ञ’ असलेली नावं छापील कागदावरच तपासा, पडद्यावर बघून समाधान मानू नका.

टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय, म्हणजे ५०० पैकी बेरीज धरतात. ४३२ गुण म्हणजे ८६.४० टक्के. कला, क्रीडा यांचे सवलतीचे गुण धरून क्रम लावायचा की वगळून, हे निकालाआधी ठरवून सूचनाफलकावर लावा. निकालानंतर ठरवलंत तर कुणाच्या तरी मुलासाठी नियम बदलला असंच गाव म्हणणार. दोघांचे गुण सारखे असतील तर दोघंही पहिले. त्यासाठी एक ढाल जादा घ्या, चिठ्ठ्या टाकू नका. ढालीवर नाव कोरायचं काम पुनर्मूल्यांकनाचे निकाल येईपर्यंत थांबवा, कारण दोन गुण वाढले की क्रम फिरतो. समारंभात ढाल कोरी दिली तरी चालते.

सगळ्यात नाजूक भाग नापास मुलाचा. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकण विभागाचा ९८.८२. त्यामुळे चाळीस मुलांच्या वर्गात इथे अनुत्तीर्ण असतं ते एखादंच, आणि ते लगेच उठून दिसतं. त्यालाही बोलवा. सुरुवातीला अख्ख्या वर्गाचा एकत्र फोटो काढा, म्हणजे कोण नाही हे कुणी मोजत बसणार नाही. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायची तारीख त्याला वर्गशिक्षकांनी बाजूला घेऊन सांगावी, माइकवरून नव्हे.

नावं हजेरी क्रमांकाने पुकारा आणि टक्के वाचू नका. पहिले तीन आणि विषयवार बक्षिसं शेवटी घ्या. एका मुलाला पस्तीस ते चाळीस सेकंद लागतात, म्हणजे चाळीस मुलांना साधारण पंचवीस मिनिटं. पुढच्या पाच जणांना आधीच पायरीपाशी उभं करा. प्रमाणपत्रांचा गठ्ठा त्याच क्रमाने लावा आणि गठ्ठ्यापाशी एकच माणूस ठेवा. दोघे बसले की हमखास अदलाबदल होते. पाहुण्यांची भाषणं दोन, प्रत्येकी सात मिनिटं. पाहुणे उशिरा आले तर थांबू नका, मुलांची नावं सुरू करा. शाल-श्रीफळ सगळ्या पाहुण्यांना एकदमच द्या. नाहीतर मुलांपेक्षा जास्त वेळ त्यांच्याच सत्काराला जातो, आणि तो जातोच!

जागा शक्यतो स्लॅबखालची घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये वळवाची सर आली की माइकचा आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडतो. शेडच वापरायची असेल तर दोन्ही स्पीकर व्यासपीठापाशी न ठेवता प्रेक्षकांच्या मध्यावर दोन्ही बाजूंना लावा, आणि सर आली की पुकारणं थांबवून तेवढ्यात चहा फिरवा. वीज जाणार हे धरूनच चालायचं, म्हणून बॅटरीवर चालणारा स्पीकर आदल्या रात्री चार्ज करून ठेवा. दारात दोन बादल्या छत्र्यांसाठी आणि पाय पुसायला गोणपाट ठेवा. समई लावताना पंखा बंद करा. दमट हवेत काडेपेटी पेटत नाही, गॅसचा लायटर जवळ असू द्या.

प्रमाणपत्र ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कार्डावर, लेझर प्रिंटरनेच छापा. इंकजेटची शाई ओल्या बोटाला लागते. चौकटीपेक्षा बटणाची प्लास्टिक फाइल बरी: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रमाणपत्र तिच्यात एकत्र राहतं आणि प्रवेशाच्या धावपळीत भिजत नाही.

भेट म्हणून काजूचं कलम देणार असाल तर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ जातीचं घ्या. पिशवी बुडाखाली हात घालून उचलायला सांगा. शेंड्याला धरून उचललं तर मातीचा गोळा फुटतो आणि मुळं तुटतात. लावणी चांगला पाऊस झाल्यावर करायची, तोवर सावलीत ठेवून पाणी घालायचं. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, बांधलेली प्लास्टिकची पट्टी सोडली पाहिजे, आणि जोडाखाली फुटणारे धुमारे खुडले पाहिजेत, नाहीतर चार वर्षांनी रायवळ, म्हणजे बिनकलमी काजूच हाती लागतो. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना मोगऱ्याची कुंडी द्या, पण हे आधी गुपचूप विचारून ठेवा.

दीडशे माणसांना कांदेपोहे करायचे तर पोहे अकरा-बारा किलो आणि कांदा पाच-सहा किलो लागतो. चहाला आठ लिटर दूध पुरतं. पोहे एकदम भिजवू नका. तीन-तीन किलोचे घाणे काढा, नाहीतर शेवटच्या पंगतीला लगदा मिळतो.

दरवर्षी वर्गणी मागायची नसेल तर माजी विद्यार्थ्यांकडून स्मरणार्थ ठेवी घ्या. साडेसहा टक्क्यांनी १०,००० रुपयांवर वर्षाला ६५० मिळतात, म्हणजे एका विषयाचं बक्षीस निघतं. ठेव शाळेच्या नावावर असू द्या, एखाद्या सरांच्या नावावर नको. व्याजदर उतरेल तेव्हा बक्षीसही कमी होईल, हे देणगीदाराला लेखी कळवा. जे मूल आलं नाही त्याचं प्रमाणपत्र कापूर घातलेल्या डब्यात ठेवा. उघड्या कपाटात राहिलं तर गणपतीत ते घ्यायला येईपर्यंत त्यावर बुरशी धरलेली असते.