छोट्या गाडीला टर्बो लावायचाय? आधी इंजिन नीट निवडा

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) कुठला आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) केवढा, हे सगळं नंतर. आधी दोनच गोष्टी कागदावर लिहा: किती एचपी हवेत, आणि गाडी रोज चालवायची आहे की फक्त ट्रॅकवर. हजार किलोच्या आसपासच्या हॅचबॅकला २५० एचपी भरपूर होतात. त्याच्या वर गेलात की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात.

माझी गाडी १९९० च्या दशकातली होंडा सिव्हिक. तिच्यात मी पहिल्यांदा होंडाचंच बी१६ए इंजिन बसवलं, कारण नाव मोठं, व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) आहे, आठ हजार आरपीएमपर्यंत चढतं. तीच चूक झाली. टर्बोशिवाय जे इंजिन उत्तम, ते टर्बोसाठीही उत्तम असेलच असं नाही. बी१६ए चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) दहाच्या वर आहे. त्यावर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढवला आणि इग्निशन टायमिंग जरा जास्त पुढे राहिलं, म्हणजे ठिणगी लवकर पडत होती. काही दिवसांनी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक वाळूसारखे रुपेरी ठिपके दिसले. भिंगाखाली धरले तर चमकत होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. पिस्टन बाहेर काढला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड तुटलेली. नॉकिंगने (मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याने) पिस्टन असाच जातो, बाहेर फारसा आवाजही येत नाही.

दुसऱ्या वेळी मी होंडाच्या त्याच बी-सीरिजमधलं बी१८बी घेतलं. व्हीटेक नाही, म्हणून त्याच्या मागे कोणी लागत नाही. पण टर्बोच्या नजरेने बघा: १८३४ सीसी, कॉम्प्रेशन ९.२, आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८९ मिमी, तर बी१६ए चा ७७.४. सीसी जास्त म्हणजे एक्झॉस्टही जास्त, त्यामुळे टर्बो लवकर जागा होतो, म्हणजे कमी आरपीएमलाच बूस्ट देतो. हिशोबही सोपा आहे. कारखान्यातून सुमारे १४० एचपी मिळतात. अर्धा बार बूस्ट दिला की हवा साधारण दीडपट होते, म्हणजे कागदावर २१० एचपी. हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच धरा. २५० साठी पाऊण बारच्या वर जावं लागेल. तुम्ही निवडलेलं इंजिन तुमचा आकडा एक बारच्या आत देत नसेल, तर मोठं इंजिन शोधा. लहान इंजिनावर बूस्ट वाढवत जाऊ नका.

आता ब्लॉक. बी-सीरिजचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि ओपन डेक आहे: सिलिंडरच्या वरच्या कडेभोवती नुसतं पाणी, बाजूने आधार नाही. बूस्ट फार चढला की सिलिंडर हलतो, आणि मग हेड गॅस्केट जातं. मित्सुबिशीचं ४जी६३ याच्या उलट. बिडाचा ब्लॉक, सिलिंडरचा व्यास ८५ आणि स्ट्रोक ८८ मिमी, १९९७ सीसी. त्याच्या टर्बो आवृत्तीत पिस्टनच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारे जेट आणि कमी कॉम्प्रेशन कारखान्यातूनच येतं. वजन जास्त आहे, पण तुमच्या गाडीत बसत असेल तर असं जन्मजात टर्बो इंजिन आधी बघा. फक्त ४जी६३ घेताना सहा बोल्टांच्या फ्लायव्हीलचं जुनं घ्या. सात बोल्टांच्या नंतरच्या इंजिनांमध्ये क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) पुढे-मागे सरकण्याची खोड आहे. ती पकडायची तर कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही क्रँक पुलीवर नजर ठेवा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर ते इंजिन नको.

रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, त्याच्याबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. कमी आरपीएमवर अचानक आलेला टॉर्क रॉड वाकवतो. जास्त आरपीएम त्याला आणि त्याच्या बोल्टला ताणतो. म्हणून मूळ रॉड ठेवणार असाल तर फार लवकर जागा होणारा छोटा टर्बो आणि तीन हजारालाच पूर्ण बूस्ट, हे टाळा.

जागा मोजल्याशिवाय इंजिन आणू नका. बी-सीरिजचा एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला, तर होंडाच्याच नंतरच्या के-सीरिजचा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला. शिवाय के-सीरिज उलट दिशेने फिरतं, म्हणजे बी चा गिअरबॉक्स त्याला चालत नाही. मी टर्बोच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा बनवून मॅनिफोल्डच्या जागी धरला, तेव्हा कळलं की रेडिएटरचा पंखा बदलावा लागणार. टर्बोतून ऑइल निव्वळ उताराने संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) परतायला हवं. परतीच्या पाइपला उतार मिळत नसेल, तर टर्बोच्या सीलमधून धूर येणारच.

शेवटी तुमच्यासमोरचं ते एकच इंजिन तपासा. थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) मोजा. आकडा थोडा कमी असला तरी चारही जवळपास सारखे हवेत. एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरा आणि ती कुठून गळते ते कान लावून ऐका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर ते इंजिन तिथेच सोडून या.