कलिन्याला निघालात? आधी भवन विचारून घ्या

मुंबई विद्यापीठात काम आहे म्हणजे नेमकं कुठे, हे घरून निघायच्या आधी पक्कं करा. विद्यापीठाच्या दोन मोठ्या जागा आहेत. एक फोर्टातली, ओव्हल मैदानासमोर, राजाबाई टॉवरवाली. दुसरी सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याची, कागदोपत्री विद्यानगरी. पेपरात विद्यापीठाची बातमी आली की सोबत टॉवरचाच फोटो असतो, म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून येणारी माणसं सरळ फोर्ट गाठतात. परीक्षा विभाग, दूरशिक्षण, पदव्युत्तरचे बहुतेक विभाग मात्र कलिन्याला. फोर्टातून कलिना म्हणजे पुन्हा लोकल, पुन्हा बस, आणि अर्धा दिवस हातचा गेला. फोर्टात रिक्षाही मिळत नाही.

कलिना कळलं की काम झालं असं समजू नका. भवन विचारा. परिसर 200 एकरांहून मोठा आहे, इमारतींना थोरामोठ्यांची नावं आहेत आणि आत सगळे त्याच नावांनी वाट सांगतात. परीक्षेचं काम महात्मा जोतिराव फुले भवनात, दूरशिक्षण डॉ. शंकर दयाल शर्मा भवनात, कला शाखेचे काही विभाग रानडे भवनात. गेटवर ‘सर्टिफिकेटचं काम आहे’ म्हटलंत तर समोरून ‘कुठल्या भवनात?’ एवढंच येतं. मागे भाचीला घेऊन गेले तेव्हा फी, तारीख, खिडकीची वेळ सगळं विचारून ठेवलं होतं, भवन सोडून. जूनचं ऊन, बगलेत फायली, आणि एका टोकाच्या इमारतीतून दुसऱ्या टोकाला पायपीट. पोचलो तेव्हा आतली मंडळी डबे उघडत होती. तेव्हा भवन, मजला, खिडकी किंवा खोलीचा नंबर, तिन्ही गोष्टी फोनवर विचारा आणि कागदावर लिहा. मोबाइलमध्ये नको, नेमका तोच दुपारी मान टाकतो. आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा, कारण विभाग इकडचे तिकडे हलतात.

कागदपत्रांबद्दल काय सांगायचं, मूळ प्रती, झेरॉक्स, आधार, फोटो, पेन. पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, पाठ नसतो, तो मोठ्या अक्षरात वेगळा लिहून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळ्या गुणपत्रिकांवर एकसारखं आहे का ते घरी बसून निवांत बघा, खिडकीशी नको. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने जात असाल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र, त्याच्या आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत. मुलगा नोकरीला पुण्यात आणि बाप खिडकीसमोर रिकाम्या हातांनी, असं एक तरी उदाहरण रांगेत असतंच. पावसाळ्यात कापडी पिशवीवर भरवसा नको. 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला तो सांताक्रूझच्याच वेधशाळेत, आणि मिठी नदी इथून लांब नाही. कागद आधी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, मग पिशवीत. लॅमिनेशन मात्र करू नका, शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होते.

सांताक्रूझ पूर्व आणि कुर्ला पश्चिम, दोन्हीकडून बस आहे, रिक्षा आहे. वाटेत सीएसटी रोड लागेल. याचा सीएसटी स्टेशनशी, म्हणजे आताच्या सीएसएमटीशी, काही संबंध नाही. 1928 ते 1934 या काळात इथून ट्रॉम्बे ते अंधेरी अशी रेल्वे धावायची, सेंट्रल साल्सेट ट्रामवे, तिचं नाव रस्त्याला चिकटून राहिलंय. गावचा माणूस ‘सीएसटी’ ऐकून घाबरतो, म्हणून सांगितलं. त्या रस्त्यावर सकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे वेळ ठेवून निघा. रिक्षात बसतानाच ‘युनिव्हर्सिटी’ म्हणून गप्प बसू नका, भवनाचं नाव सांगा. आत जायला एकाहून जास्त दरवाजे आहेत, चुकीच्या दरवाजाशी उतरलात तर पुढचं चालणं तुमचं. गेटवर विचारलं तर पुन्हा भवनच सांगा, ओळखपत्र हातात ठेवा. पहिलं काम सकाळी. दीडच्या सुमारास खिडकीशी पोचलात तर जेवणाच्या सुट्टीत बसून राहाल. शनिवार धरून चालू नका.

प्रवेश झाला असेल आणि त्याच फेरीत राहायची जागा बघायची असेल तर कोलीवरी गाव, सुंदरनगर, वाकोला या बाजूला फिरा. वसतिगृहाच्या भरवशावर राहू नका, अर्ज करा पण सोबत दुसरी सोय बघा. कॉट बेसिस म्हणजे नुसती खाट आणि कपाटाचा एखादा कप्पा, खोली नव्हे, हे मुलाला आधी समजावा. दुपारी खोली छान दिसते. संध्याकाळी जा, सगळे परत आले की बाथरूमसमोर किती उभे राहतात ते कळेल. पाणी किती वाजता येतं हे मालकाला नको, आधीच राहणाऱ्या मुलांना विचारा. विमानतळ शेजारीच आहे, विमानांचा आवाज येणारच. टोकन लगेच देऊ नका, प्रवेशाचा कागद हाती आला की द्या. डिपॉझिट आणि दलालाचं एका महिन्याचं भाडं वेगळं धरा, अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या, पोलीस पडताळणी टाळू नका.

जेवण कॅम्पसच्या कँटीनमध्ये होतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. वेळ उरला तर जवाहरलाल नेहरू ग्रंथालय बाहेरून तरी बघून घ्या. राजाबाई टॉवर त्याच दिवसात बसवू नका. रात्रीच्या गाडीने परतणार असाल तर तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनस लिहिलं असेल तर रिक्षावाल्याला ‘टर्मिनस’ म्हणा, नुसतं ‘कुर्ला’ म्हणालात तर तो पश्चिमेला लोकलच्या स्टेशनशी सोडेल, आणि तिथून सामान घेऊन पूर्वेला जाईपर्यंत गाडी निघून जाईल.